जिझोंच्या टोप्या कोणी विणल्या

‘मी क्रोशा करतो’ हे एवढंसं वाक्य लिहायला माझे तीन-चार कागद वाया गेले. पहिल्या कागदावर मी ‘आमच्या घरी क्रोशाचं काम होतं’ असं लिहिलं. ते वाचून कोणालाही वाटेल की घरात कारखाना आहे. दुसऱ्यावर ‘क्रोशा ही एक प्राचीन कला असून’ अशी सुरुवात केली, पण ती कितपत प्राचीन आहे याबद्दल ग्रंथांमध्ये एकमत नाही, त्यामुळे तोही फाडला. शेवटी धीर करून खरं ते लिहिलं. मी क्रोशा करतो. माझं नाव यानागिसावा तोकुजी, मी निवृत्त मुद्रितशोधक आहे, आणि उएदा गावातल्या आमच्या गल्लीत गेल्या डिसेंबरपर्यंत ही गोष्ट माझ्या बायकोखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

माझी बायको फुमिए आमच्या भागातल्या गेटबॉल संघाची कर्णधार आहे; मोगरीने चेंडू कमानींतून मारण्याचा हा म्हाताऱ्यांचा आवडता खेळ. नदीकाठच्या मैदानावरून ती खेळाडूंना ओरडते तेव्हा पलीकडच्या काठावर सायकलवरून जाणारी माणसं ब्रेक दाबतात. तिने आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही. आमच्या घरातली बटणं पहिल्यापासून मी लावतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बटण लावताना माणसाला बोलावं लागत नाही, आणि न बोलता करता येण्याजोगं कुठलंही काम मला आवडतं. क्रोशाचंही तेच. सुईची जाडी साधारण पेन्सिलीएवढी, बसायचं एका जागी, आणि साखळ्या, खांब अशा टाक्यांच्या ओळी मोजायच्या. निवृत्तीनंतर ग्रंथालयात हस्तकलेचं एक पुस्तक मी चुकून उचललं (मला बाजूचं बुरशीवरचं हवं होतं), आणि घरी येऊन पहिली साखळी घातली तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर मला वाचता येतंय.

बारा वर्षांना बारा प्राणी असतात, त्या फेऱ्यात येणारं नवं वर्ष रानडुकराचं होतं. दाराशी चपलांच्या कपाटावर नव्या वर्षाचा प्राणी मांडायचा असतो, तो दरवर्षी आम्ही विकत आणायचो. यंदा मी विणला. तपकिरी लोकर, आत कापूस, दोन पांढरे सुळे. सुळ्यांना मला फार वेळ लागला होता, आणि खरं सांगायचं तर ते मला सुरेख जमले होते. गल्लीतल्या सूचनांची पाटी घरोघरी फिरते, ती द्यायला शेजारच्या मोमोसेबाई आल्या आणि कपाटापाशी थबकल्या.

“किती गोड साळिंदर.”

“रानडुक्कर आहे,” मी म्हणालो.

“फुमिएवहिनींच्या बोटांत जादू आहे हो अगदी.”

आणि मी म्हणालो, “हं.”

या ‘हं’वर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. त्यात खोटं असं काही नव्हतं. ‘हं’चा अर्थ ‘हो’ असतो, ‘बरं’ असतो, ‘मी ऐकतो आहे’ असाही असतो. चाळीस वर्षं शब्द तपासण्यात घालवलेल्या माणसाने त्या क्षणी याहून नेमका शब्द वापरायला हवा होता हे मला मान्य आहे. पण मोमोसेबाईंसमोर शब्द सुचायला माणूस वेगळ्या जातकुळीचा लागतो. त्या एका वाक्यात दोन प्रश्न विचारतात आणि तिसऱ्याचं उत्तर स्वतःच देतात.

एवढं कौतुक केलं म्हटल्यावर ते रानडुक्कर त्यांना देणं भाग होतं. दिल्यावर त्यांनी परतभेट म्हणून मोहरीच्या पानांचं लोणचं देणं भाग होतं. लोणचं बादलीभर निघालं, म्हणून मी त्यांच्या मुलीसाठी दुसरं रानडुक्कर दिलं. मुलीने सफरचंदांची पेटी पाठवली. ती पेटी दोघांना संपेना म्हणून आम्ही पलीकडच्या घरी वाटली, त्यांना ती नुसतीच कशी द्यायची, म्हणून सोबत एक रानडुक्कर. नोव्हेंबर संपेपर्यंत गल्लीतल्या निम्म्या कपाटांवर माझी रानडुकरं उभी होती, आमच्या न्हाणीघरात लोणच्याच्या बादल्या होत्या, आणि प्रत्येक घरात त्या प्राण्याला ‘फुमिएवहिनींचं साळिंदर’ म्हणत होते.

फुमिए मैदानावरून तणतणत आली. “आज तिघींनी मला विचारलं, खांब कसा घालायचा. मी सांगितलं, आधी खड्डा खणायचा. त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी विनयाने बोलतेय.”

इथपर्यंत निभावलं असतं. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी सहा जिझो आहेत, म्हणजे रस्त्याकडेच्या देवाच्या मूर्ती. दगडी, गुडघ्याएवढे, एका छपराखाली ओळीने उभे. लहान मुलांची आणि वाटसरूंची काळजी त्यांच्याकडे असते, आणि त्यांच्या टोप्यांची व लाळेऱ्यांची काळजी आमच्याकडे. दर वर्षअखेरीला त्यांना नवी लाल टोपी आणि नवं लाल लाळेरं चढतं. लाळेरी मोमोसेबाई शिवतात. टोप्या करणाऱ्या आजी यंदा लेकीकडे नागोयाला राहायला गेल्या. तेव्हा गल्लीच्या बैठकीत मोमोसेबाई उठल्या आणि म्हणाल्या की टोप्या फुमिएवहिनी करतील. अध्यक्ष शिमोदाइरा-सान यांनी ठराव मांडला, सगळ्यांनी हात वर केले, आणि मीही केला. बाजूचे दोघे हात वर करून माझ्याकडे बघत होते, मी काय करणार?

घरी आल्यावर फुमिएने कोट काढला नाही. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, उबेत पाय घालून माझ्यासमोर बसली.

“हे बघा. टोप्या तुम्ही विणा. मी कोणाला काही सांगणार नाही, कारण ते माझं काम नाही. पण अठ्ठावीस तारखेला टोप्या चढवताना सगळी गल्ली जमेल, तेव्हा तुम्ही तोंड उघडायचं. म्हणायचं, मी विणल्या.”

मी म्हणालो, त्या वेळी पाहू.

“पाहू नाही. दुसऱ्याचं कौतुक खाऊन मला अपचन झालंय. आणि तुम्हाला नाही का हो वाटत कोणी म्हणावं, तोकुजी-सान, छान केलंत?”

वाटत होतं. इतकं वाटत होतं की मला त्याची लाज वाटत होती. मी इतक्या पुस्तकांतल्या इतक्या चुका काढल्या, पण मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकावर कुठे छापत नाहीत, आणि छापायला हवं असंही मला कधी वाटलं नाही. या टोप्यांच्या बाबतीत मात्र वाटायला लागलं. म्हातारपणी माणसाला कशाची हाव सुटेल ते सांगता येत नाही.

अठ्ठावीस तारीख सरकणार नव्हती. एकोणतीस अशुभ. तीसला मंदिरात नव्या वर्षाच्या गोळ्यांसाठी चिकट भात कुटायची धांदल. एकतीसला चढवणं म्हणजे देवाचं घाईत उरकल्यासारखं. तेव्हा मी लगेच कामाला लागलो आणि पहिल्याच पायरीवर अडलो, कारण टोपीला डोक्याचं माप लागतं.

जिझो उभे आहेत ती जागा मंदिराची आहे आणि वरचं छप्पर गल्लीचं आहे. शिमोदाइरा-सान पूर्वी रेल्वेत होते. त्यांचं म्हणणं असं की मापं छपराखाली, पण जमिनीवर उभं राहून घ्यायची, म्हणजे दोन्हीकडची परवानगी हवी. त्यांनी मंदिरात फोन केला. पुजारी म्हणाले की डोकी दगडाची आहेत, कुठे जाणार नाहीत, खुशाल मोजा. पण हे तोंडी झालं. लेखी येईपर्यंत फुमिएवहिनींनी थांबावं असा निरोप आला. फुमिएवहिनी आनंदाने थांबल्या. मला थांबणं शक्य नव्हतं.

म्हणून मी भल्या पहाटे टेप घेऊन गेलो. दगडी डोक्याचं माप घेणं दिसतं तितकं सोपं नाही. टेप मागून फिरवायला दोन्ही हात मानेभोवती टाकावे लागतात, आणि जमिनीवर दव गोठून पाय घसरत असल्याने गुडघे टेकावे लागतात. चौथ्या जिझोचं मूळ डोकं कधीकाळी फुटलं होतं, त्याच्या जागी कोणीतरी नदीतला गोल गोटा बसवला आहे. ते डोकं इतरांपेक्षा बरंच मोठं आहे आणि नीट मिठी मारल्याशिवाय मोजता येत नाही. मी त्याला मिठी मारून, गाल गोट्याला टेकवून, टेपवरचा आकडा वाचायचा प्रयत्न करत असताना मागे कुत्र्याच्या पट्ट्याची घंटी वाजली.

मोमोसेबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे भयंकर लक्षण होतं. त्यांनी हात जोडले, मला वाकून नमस्कार केला आणि कुत्र्याला घेऊन हळूच निघून गेल्या.

दुपारपर्यंत गल्लीत सर्वांना कळलं होतं की यानागिसावा-सान गंभीर आजारी आहेत आणि पहाटे जिझोंच्या गळ्यात पडून रडतात. संध्याकाळपासून आमच्याकडे भाताची पेज, आल्याचा काढा, आणि कोणाच्या तरी मावसभावाला गुण आलेली काळी गोळी यायला लागली. मी दार उघडलं की लोक आवाज खाली आणून बोलायचे. मी बरा आहे असं म्हणालो की त्यांचे डोळे भरून यायचे. खरं सांगावं, तर मग जिझोला मिठी का मारली ते सांगावं लागलं असतं. सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. घरात एवढं आजारपण असूनही टोप्यांचं काम न सोडणाऱ्या फुमिएवहिनींचं नाव आता पलीकडच्या गल्लीतही घेतलं जात होतं.

“माझा पुतळा उभारतील,” फुमिए म्हणाली. “त्यालाही टोपी तुम्हीच विणा.”

टोप्या मात्र होत होत्या, आणि त्यांच्याबद्दल मी विनय बाळगणार नाही. लाल लोकर, मधे फुलाची वीण, कडेला शिंपल्यांची नक्षी. एखादा खांब चुकीच्या घरात पडला की मला झोप लागायची नाही. मी ओळीच्या ओळी उसवायचो. सहावी टोपी संपली त्या दिवशी मी सहाही कोतात्सूवर मांडल्या आणि उगाचच खोलीतून दोन-तीनदा बाहेर जाऊन आत आलो, म्हणजे त्या मला अचानक दिसाव्यात.

तो वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे गरम पाण्यात युझू लिंबं टाकून आंघोळ करतात. मोमोसेबाईंनी आजाऱ्यासाठी पिशवीभर लिंबं पाठवली होती आणि निरोपही, की पाणी कढत असू द्या, अंगातला रोग उतरतो. फुमिएने पाणी नेहमीपेक्षा बरंच गरम केलं. मी लालबुंद होऊन बाहेर आलो.

आंघोळीच्या टबातलं पाणी आमच्याकडे कोणी फेकून देत नाही. नळी लावून धुण्याच्या यंत्रात घेतात, आणि मोजे-टॉवेल त्यात धुतात. सगळी गल्ली हेच करते, फुमिएही रोज करते. त्या दिवशी तिला माझ्याबद्दल प्रेम दाटून आलं. देवाच्या अंगावर जाणाऱ्या टोप्या एकदा स्वच्छ निघाव्यात, म्हणून तिने त्या यंत्रात घातल्या. सोबत संघाचे मोजे घातले आणि टबातल्या वाफाळत्या पाण्याची नळी सोडली.

यंत्र थांबल्यावर तिने मला हाक मारली, तीही हलक्या आवाजात. माझ्या टोप्या चहाच्या पेल्याएवढ्या झाल्या होत्या. लोकर आटून बुटाच्या तळव्यासारखी टणक झाली होती. शिंपल्यांची नक्षी कुठे होती ते फक्त मला सांगता आलं असतं. वास मात्र युझूचा, अगदी ताजा येत होता. फुमिएने एक उचलली आणि काय करावं न सुचून सोयासॉसच्या बाटलीवर ठेवली. ती नेमकी बसली. आम्ही दोघं त्या बाटलीकडे बराच वेळ पाहत राहिलो.

“मी जाऊन सांगते,” ती म्हणाली, “माझ्या हातून खराब झाल्या. सगळ्यांना वाटतंच आहे की माझ्या आहेत. जुन्याच टोप्या राहू देत या वर्षी.”

हा सोपा मार्ग होता. कोणाला काही कळलं नसतं, मला तोंड उघडावं लागलं नसतं. माझ्यासारख्या माणसासाठी असा मार्ग म्हणजे पायघड्याच. आणि मी म्हणालो, “लोकर किती उरलीय?”

माझ्याच तोंडून हे ऐकून मी दचकलो.

पुढचे दिवस मी सकाळच्या चहापासून दिवे लागेपर्यंत कोतात्सूत बसून विणलं. फुमिएने गेटबॉलचा सराव रद्द केला, गोळे गुंडाळले, सफरचंदं कापून माझ्या तोंडात घातली. पेज घेऊन येणाऱ्यांना ती दारातूनच सांगायची की ते विश्रांती घेताहेत, आणि आत येऊन मला म्हणायची, “विश्रांती जरा लवकर घ्या, चार उरल्यात.” उसवायला वेळ नव्हता. चूक दिसली की मी तिच्याकडे बघायचो, ती माझ्याकडे बघायची, आणि सुई पुढे जायची. एके ठिकाणी एकाच घरात दोन खांब आहेत. तिसऱ्या टोपीत फुलाला एक पाकळी जास्त आहे. पूर्वी मी असं पान छापायला जाऊ दिलं नसतं. पण त्या टोप्या मऊ झाल्या. आधीच्या टोप्यांना बघावंसं वाटायचं, या टोप्यांत हात घालावासा वाटत होता.

अठ्ठावीसला सकाळी बारीक बर्फ पडत होतं. गल्ली जमली. शिमोदाइरा-सान एका खोक्यावर चढले, हवामानापासून सुरुवात केली, आणि आजारी पतीची सेवा करत रात्रंदिवस झटलेल्या यानागिसावा फुमिएवहिनींचे आभार मानले. सगळे वाकले. फुमिएने माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला, तर शेजारच्या दोघांनी मला धरून बसायला स्टूल दिलं.

टोप्या चढायला लागल्या. पहिली बसली, दुसरी, तिसरी. चौथ्या जिझोवर टोपी ठेवली आणि ती घसरत डोळ्यांवरून, नाकावरून थेट लाळेऱ्यापर्यंत उतरली. धुण्याची धास्ती घेऊन मी ती जरा जास्तच मोठी केली होती. कोणी हसलं नाही, आणि तेच वाईट होतं. मोमोसेबाई पुटपुटल्या की घरात दुखणं असलं की हात थरथरतोच. शिमोदाइरा-साननी टोपी काढून फुमिएपुढे धरली आणि आदराने विचारलं की वहिनी, इथेच थोडी आवळता येईल का.

फुमिएने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि ती समोरच्या डोंगरांकडे बघायला लागली.

शिमोदाइरा-सानचा हात तसाच पुढे होता. टोपीवर बर्फ पडत होतं. माझी टोपी होती ती. मी उठलो, हातमोजे काढले, कोटाच्या आतल्या खिशातून सुई काढली आणि त्यांच्या हातातून टोपी घेतली. स्टुलावर बसून कडेची ओळ सोडवली आणि घरं कमी करत नवी ओळ घालायला लागलो. बोटं गारठली होती, पण सुई अडली नाही. इतकी माणसं आजूबाजूला आणि कोणी बोलत नाही, अशा शांततेत मला एरवी घाम फुटतो. त्या दिवशी ती शांतता मला अंगावर पांघरल्यासारखी वाटली.

मी टोपी गोट्याच्या डोक्यावर चढवली. ती कपाळापाशी येऊन थांबली.

“या टोप्या कोणी विणल्या?” शिमोदाइरा-साननी विचारलं.

“मी.”

“सहाही?”

“सहाही. याच्या आधीच्या सहाही मीच. आणि ती रानडुकरं आहेत, साळिंदरं नव्हेत.”

मोमोसेबाईंनी पहिल्यांदाच एका वाक्यात एकच प्रश्न विचारला. “मग आजारी कोण आहे?”

“कोणीही नाही,” फुमिए म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा नदीपलीकडे जाण्याइतका झाला. “हे रडत नव्हते. माप घेत होते.”

थोडा गलका झाला. कोणीतरी मावसभावाच्या गोळीचं काय केलंत असं विचारलं. शिमोदाइरा-साननी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चुकीची घोषणा झाली आहे, ती तशीच ठेवता येणार नाही, असं म्हणून ते पुन्हा खोक्यावर चढले आणि अख्खं भाषण हवामानापासून परत केलं. फुमिएच्या जागी त्यांनी माझं नाव घातलं. ‘आजारी पतीची सेवा करत’ हे आता बसेना, तेव्हा क्षणभर थांबून ‘निरोगी पत्नीची सेवा करत’ असं केलं. मला त्यात सुधारण्यासारखं काही सापडलं नाही. सगळे वाकले. अशा वेळी मी नेहमी माझ्या बुटांकडे बघतो. त्या दिवशी मी माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश, आणि मग वाकलो.

नव्या वर्षाचे पहिले दिवस गेल्यावर एका दुपारी दारावर थाप पडली. शिमोदाइरा-सान सूट घालून, टाय लावून उभे होते. आत येऊन ते ताठ बसले, चहा संपवला, फुमिए स्वयंपाकघरात गेल्याची खात्री केली आणि खिशातून एक नवी कोरी क्रोशाची सुई काढून कोतात्सूवर ठेवली.

“दुकानात मी सांगितलं, सुनेसाठी हवीय,” ते म्हणाले. “माझी बोटं जाड आहेत. चालतील का?”

मी म्हणालो, पाहू. त्यांना लोकर दिली, साखळी दाखवली. रेल्वेत गाड्या थांबवणारा तो माणूस जीभ दातांत धरून विणायला लागला. बराच वेळ विणत होता. मग त्यांनी ती साखळी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी चष्मा पुसला, खिडकीजवळ नेऊन एकेक टाका पाहिला. माझा आवाज मला नवीनच वाटला.

“उसवा,” मी म्हणालो.

“सगळं?”

“सगळं.”

“बरं, गुरुजी,” असं म्हणून शिमोदाइरा-सान मान खाली घालून उसवायला लागले.